गिराणाचं दान परत

सई, ईशान,

तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोहोचला, हे मला तुमच्या बाबाच्या फोनवरून कळलं. सोसायटीच्या ग्रुपवरून कोणाच्या तरी भावाकडे, भावाकडून तिकडच्या मराठी मंडळात, आणि तिथून तुमच्या जेवणाच्या टेबलावर. त्यात तुमची आजी एका दारासमोर उभी राहून ओरडते आहे. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, पायाशी गाठोडं. सईने विचारलं म्हणे, "ती माणसं मुलांना गिफ्ट देत होती ना? मग आजी एवढी का चिडली?"

प्रश्न रास्त आहे. बाबा म्हणाला, मी समजावतो त्यांना. मी म्हटलं, नको. तू समजावशील म्हणजे गुळगुळीत करशील. मी लिहिते.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तरी हे इंग्रजीत लिहीत नाही. इंग्रजीत लिहिताना मी आपोआप सभ्य होते. हे सभ्यपणे लिहायचं नाही. दर सुट्टीत तुमच्याकडून मराठी वाचून घेतली आहे. आता वाचा.

मी चौथीत होते. पनवेल तेव्हा लहान होतं. सूर्यग्रहण नुकतंच सुटलं होतं. ग्रहणाला आमच्यात गिराण म्हणत. सूर्य-चंद्राला राहू-केतू गिळतात, आणि ते राहू-केतू आमच्या जातीचे, असं गावानेच कधीतरी ठरवून टाकलेलं. आम्ही मांग. म्हणून ग्रहण सुटलं की गावाने अंघोळ करायची आणि अंगावरची पीडा आमच्या झोळीत टाकायची. नेसून जुनी झालेली लुगडी, काळे उडीद, तीळ. आम्ही दारोदार फिरून ओरडायचं, "दे दान, सुटे गिराण." देणाऱ्याचं सुटायचं. घेणाऱ्याचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नसे.

आई पुढे, मी मागे. एका वकिलांच्या घरासमोर थांबलो. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती खिडकीत बसून आमच्याकडे बघत होती. वकिलीणबाई ओल्या केसांनी पायरीवर आल्या. आईने झोळी पसरली. बाईंनी हात खाली आणला नाही. उंचावरूनच एक काळा फ्रॉक सोडला. तो झोळीत पडला नाही, मातीत पडला. त्यावर त्यांनी उडीद ओतले. अर्धे फ्रॉकवर, अर्धे मातीत.

"उचल गं ए," त्या मला म्हणाल्या. "सगळं उचल. आमच्या दारात काही राहता कामा नये. आणि जाताना मागे वळून बघू नका."

मी मातीतून उडीद वेचले. आई माझ्या डोक्यावर ओरडतच राहिली. दान घेताना थांबायचं नसतं. खिडकीतली मुलगी पेरू खात होती.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात उभी राहिली. "गुरुजी, आमचं गिराण हिच्याकडे आहे. मी हिच्या ओळीत बसणार नाही."

गुरुजी रागावले असते तर मी विसरले असते. ते हसले. मला म्हणाले, "तू आजच्या दिवस दाराशी बस. उद्यापर्यंत उतरेल."

उतरेल. ताप उतरतो तसं. मी दाराशी बसले, जिथे सगळ्यांच्या चपला होत्या.

संध्याकाळी आईने तो फ्रॉक धुऊन वाळवून माझ्यापुढे धरला. "घाल."

"नाही."

"कापड चांगलं हाय. घाल."

मी तो चुलीत घातला. आईने मला मारलं, खूप मारलं. तिचं बरोबर होतं, मला दुसरा फ्रॉक नव्हता. पण मी त्या दिवसापासून गिराण मागायला गेले नाही. आई जात राहिली. ती ओरड माझ्या तोंडातून पुन्हा निघणार नाही, असं मी ठरवलं. ते गेल्या पावसाळ्यापर्यंत पाळलं.

वकील कोर्टात इंग्रजी बोलतात, असं ऐकलं होतं. म्हणून मी इंग्रजी शिकले. विद्येची आवड वगैरे नंतर आली. आधी होती ती खुन्नस. त्या घरात जी भाषा आहे ती मी त्यांच्या मुलीपेक्षा चांगली बोलणार. बोलले. हायस्कूलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. तुमच्या आजोबांचं आडनाव असं, की त्यावरून कोणाला काही कळत नाही. लोक माझ्या उच्चारांवरून माझी जात ठरवतात आणि चुकतात. कोणी विचारलं तर मी सांगते. सहसा कोणी विचारत नाही.

आता शाळेबद्दल. फोटो तुम्ही पाहिले आहेत, पण फोटोत शाळा चालते कशी ते दिसत नाही.

पनवेलजवळच्या विचुंब्याच्या मागच्या बाजूला कातकऱ्यांची वाडी आहे. बायका नव्या इमारतींमध्ये धुणीभांडी करतात. काही घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पूर्वी पोरंही बरोबर जायची आणि मातीत लोळत दोन इयत्ता विसरून यायची. म्हणून मी निवृत्त झाल्यावर वाडीला लागून दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड उभी केली. पहिली ते चौथी. भट्टीवर जाणारे बरेच आईबाप आता पोरं आमच्याकडे ठेवून जातात. सकाळी पोर आलं की आधी अंघोळ, मग नाश्ता, मग पाटी. कारण वाडीत पाणी नाही. वाडीला एक हातपंप आहे, तोही टेकडीच्या पलीकडे. खरूज झालेलं पोर अक्षर गिरवत नाही, खाजवत बसतं. आमच्या शाळेचं पहिलं पुस्तक म्हणजे साबण. आया पोरांना सोडायला येतात आणि तान्ह्याला पाजत तिथेच बसतात, कोणाला रेशनकार्डाचं विचारायचं असतं, कोणाला दवाखान्याचं. आम्ही जमेल ते करतो.

हे सगळं पाण्यावर चालतं, आणि पाणी शेजारच्या सोसायटीचं. मोठे टॉवर आहेत. त्यांनी त्यांच्या टाकीवरून शाळेला एक लाइन जोडून दिली. नळाजवळ सोसायटीच्या नावाचा बोर्ड लावला, नळापेक्षा बराच मोठा. मी आभाराचं भाषण केलं. माझं इंग्रजी ऐकून त्यांना फार बरं वाटलं. विशेषतः अनघाताईंना. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी. मनमिळाऊ बाई, हसतमुख. "मॅडम, तुमच्यासारखी कल्चर्ड माणसं या लोकांसाठी एवढं करतात," असं त्या नेहमी म्हणत. मी ऐकून घेत असे. पाणी येत होतं.

गेल्या पावसाळ्यात चंद्रग्रहण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोर गाड्या येऊन थांबल्या. अनघाताई आणि सोसायटीतल्या आणखी काही बायका. डिकीतून गाठोडी निघाली, काळ्या कापडात बांधलेली. मोठाले डबे निघाले. पोरं धावली.

"मॅडम, सगळ्यांना लाइनीत उभं करा ना," अनघाताई म्हणाल्या. "आणि हातात नको हं द्यायला. आम्ही खाली ठेवतो, त्यांनी उचलायचं."

"खाली का?"

"अहो, तसंच असतं ना."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. सगळ्यांचे केस ओले होते.

त्यांनी चिखलात गाठोडी ठेवली. पोरांनी सोडली. काळे उडीद. तीळ. टॉवेल, परकर, टी-शर्ट, आदल्या रात्री अंगावर असलेले, काहींना अजून घामाचा वास. डब्यांत पुलाव. ग्रहणाआधी शिजवलेला. त्यात तुळशीचं पान ठेवलं नव्हतं, म्हणून त्यांच्या घरात तो आता खाण्यालायक नव्हता. झाकण उघडताच आंबट वास आला. सोनी नावाची आमची तिसरीतली मुलगी. तिच्या वाट्याला एक गाऊन आला, मऊ, निळ्या फुलांचा, पोटाशी सैल. तिने तो गालाला लावला.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"आमच्या सुनेचा," अनघाताई म्हणाल्या. "सातवा चाललाय ना तिला. रात्रभर तोच अंगावर होता. बाळावर काही नको यायला. आमच्या गुरुजींनी सांगितलं, अंगावरचंच द्या, आणि ज्यांचं घेणं असतं त्यांनाच द्या. पण पूर्वीसारखे ते लोक येतात कुठे हो दारावर, ओरडत?"

"कोण लोक?"

त्यांनी आवाज खाली आणला. मी त्यांच्यातलीच आहे असं समजून, आपुलकीने. "मांग हो. आता मिळतच नाहीत. म्हटलं, हे काय, कातकरी तर कातकरी. चालतं."

"मिळाली की तुम्हाला," मी म्हटलं.

"काय?"

"मी मांग आहे, अनघाताई. माझ्या आईने पनवेलमध्ये दारोदार गिराण मागितलं आहे. मी तिच्या मागे होते."

त्यांचा चेहरा मी तुम्हाला सांगू शकत नाही. लाज नव्हती ती. आधी हिशेब होता, आतापर्यंत माझ्या हातचा किती वेळा चहा घेतला, याचा. मग, मला वाटतं, थोडा दिलासाही होता. दान योग्य जागी पोहोचलं होतं.

"आम्हाला काय माहीत, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही तशा वाटत नाही."

आणि त्या सगळ्या गाड्यांत बसून निघून गेल्या. एकीनेही मागे वळून बघितलं नाही.

मी सोनीच्या हातून गाऊन काढून घेतला. ती रडायला लागली. पुलावाचे डबे मी शेडमागे नेऊन ठेवले. पोरं माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होती.

पारू शाळेत स्वयंपाक करते, पोरांना अंघोळ घालते, आणि तेव्हा दुपारनंतर त्याच सोसायटीत भांडी घासायची. ती कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली.

"भात इटला हाय, तो टाका. पन कापडं कशाला काढून घेता पोरांची?"

"ग्रहणाची आहेत ती. पीडा टाकली आहे आपल्यावर."

"आमाला काय पीडा लागतंय? आमी उंदीर भाजून खाल्ला, घोरपड खाल्ली, आमाला काय झाला नाय. गिराण काय कापडाला चिकटतंय? धुतला की गेला."

"माहीत आहे मला, नाही चिकटत. पण त्यांना वाटतं चिकटतं. असं वाटत असताना त्यांनी ते सोनीच्या अंगावर घातलं. हे नाही धुतलं जात."

"परत करायचा तुमच्या मनात हाय. दिसतंय मला. पानी तोडतील. पोरांना आंगोळ कोन घालतंय? तुमी? मी घालते."

ती बरोबर होती. मी खुर्चीवर बसले. मग मी तिला वकिलीणबाईची गोष्ट सांगितली. चपलांजवळ बसलेल्या मुलीची. तुमच्या आजोबांखेरीज मी ती कोणाला सांगितली नव्हती. तुमच्या बाबालाही नाही. पारूने ती भांडी पुसत पुसत ऐकली. तोवर मागे वाडीतल्या आणखी तिघी-चौघी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"त्या वकिलीनबाईचा पुढं काय झाला?" पारूने विचारलं.

"काही नाही. म्हातारी होऊन मेली. सुखाने."

पारूने फडका झटकला. "मंग या बायांना तरी सुखानं झोपू द्यायचा नाय."

तिने गाऊन हातात घेऊन उलटसुलट केला आणि मागच्या बायकांना म्हणाली, "ह्यो अनघाबायच्या सुनंचा. बाकीची वळखा गो. रोज आपूनच वाळत घालतंय." त्यांनी ओळखली. कोणता टॉवेल कोणत्या मजल्यावरचा, सगळं. कोणीतरी एक चट्टेरी बर्म्युडा वर धरली आणि म्हणाली, "ह्या सायबाला तर बाई गिराण बारा म्हयने हाय." खूप हसलो आम्ही. शाळेच्या शेडमध्ये एवढं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी कामाच्या वेळी त्या रोजच्यासारख्या सोसायटीच्या गेटमधून आत गेल्या. मीही गेले. वॉचमनने मला सलाम केला. ज्याचं गाठोडं त्याच्या उंबऱ्यावर. बेल वाजवायची, खाली ठेवायचं, बाजूला व्हायचं. उडीद, तीळ, कपडे, आंबलेल्या पुलावाचे डबे. शेवटी अनघाताईंचं दार. तिथे मी स्वतः गेले.

दार सुनेनेच उघडलं. गाऊन बघितला आणि ती गोंधळून वाकायला लागली. आतून अनघाताईंची किंकाळी आली, "हात लावू नकोस. आत हो आधी."

तेव्हा मी ओरडले. जी ओरड मी लहानपणी तोंडातून काढून टाकली होती, ती उलटी करून, पूर्ण आवाजात, जिन्याच्या वरपासून खालपर्यंत ऐकू जाईल अशी.

"घ्या दान, लागलं गिराण."

दारं उघडली, दारं बंद झाली. कोणीतरी मोबाइल धरला. तोच तुमचा व्हिडिओ. अनघाताई हात जोडत होत्या. "मॅडम, प्लीज, असं नका करू. सातवा महिना आहे हो तिला. तुम्ही एवढ्या शिकलेल्या आहात."

"आमच्या सोनीला आठवं वर्ष आहे," मी म्हटलं. आणि पुन्हा ओरडले.

बाबाने फोनवर विचारलं, "आई, त्या गरोदर मुलीचं तरी वाईट वाटलं का तुला?" तुम्हीही मनात विचाराल, म्हणून सांगते. तिला मुलगी झाली. गुटगुटीत आहे. व्हायचीच होती, कारण ग्रहण कपड्याला चिकटत नाही, हे पारूला माहीत आहे आणि मलाही. अनघाताईंना माहीत नव्हतं. बाळंतपण होईपर्यंत त्यांनी किती शांती केल्या, किती रात्री जागून काढल्या, ते सगळं त्यांच्याकडे काम करणाऱ्या बायकांकडून मला कळत होतं. त्या सगळ्या रात्री मी घेतल्या. एकही परत करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडा होता. पाइप गेटपाशी कापला होता, करवतीने, नीट. बोर्ड तसाच ठेवला होता. सोसायटीने पोलिसांत तक्रार केली, की मी गरोदर स्त्रीच्या दारात करणी केली. जादूटोण्याच्या कायद्याखाली माझ्यावर गुन्हा दाखल करावा. मी ठाण्यात गेले. साहेबांना म्हटलं, "जरूर लिहून घ्या. फक्त ते सामान आधी कोणी कोणाला दिलं आणि काय म्हणून दिलं, तेही लिहा. सूनबाईंचा गाऊन आठ वर्षांच्या मुलीला कशासाठी हवा होता, ते त्यांना विचारा." सोसायटीच्या तक्रारीचं पुढे काही झालं नाही. मग मी माझी तक्रार दिली. जातीवरून केलेल्या अपमानाची, आणि मुलांना नासलेलं अन्न दिल्याची. ती नोंदली गेली आहे.

बायकांची कामं गेली. पण आठवडाही उलटला नाही. एवढ्या मजल्यांची भांडी कोण घासणार? एकेकीला बोलावणं आलं. पारू परत गेली नाही. ती आता खारघरला कामाला जाते, लांब पडतं, पण म्हणते, "त्या बाईच्या मोरीत आता हात घालवत नाय."

मग निरोप आले. आधी गोड. लाइन जोडून देतो, मॅडमनी तक्रार मागे घ्यावी. मग कमी गोड. मॅडमनी सोसायटीत येऊन चार शब्द बोलावेत, चूक झाली म्हणावं. मग तुमच्या बाबाकरवी. "आई, मुलांना पाणी नको का? तुझ्या रागासाठी ती पोरं का तहानलेली?"

हा वार खोल गेला, खोटं कशाला सांगू. मी वाडीत गेले आणि सगळ्या आयांना बोलावून तेच विचारलं. पाणी हवं का? मी जाऊन माफी मागते. माझं वय झालंय, माझ्या माफीने काय बिघडतं? मग सोनीची आई बोलली. ती एरवी तोंड उघडत नाही. "गाऊन चांगला होता," ती म्हणाली. "पोरगी अजून मागतंय. पन बाई, तुमी माफी मागितली तर ती बाई पुन्हा येईल. आमच्या पोरी पुन्हा चिखलातनं उचलतील. पानी आमी आनतो."

आणतात. टेकडीपलीकडच्या हातपंपावरून, डोक्यावर, पोराला सोडायला येताना. येताना एक हंडा, हा आता शाळेचा रिवाज आहे. अंघोळी रोज होत नाहीत, एक दिवस आड होतात. खरूज थोडी वाढली आहे. मी हे लपवत नाही. यात गोड काही नाही. ग्रामपंचायतीकडे लाइनीचा अर्ज दिला आहे, मी दर सोमवारी जाऊन त्यांच्या समोर बसते, देईपर्यंत बसणार.

तक्रार मी मागे घेणार नाही. हे तुम्ही बाबाला वाचून दाखवा. कोणाच्या बाळासाठी नाही, पाण्यासाठी नाही, माझ्या तब्येतीसाठी नाही. मी गेले तर पारू आणि सोनीची आई साक्षीला उभ्या राहतील, तसं त्यांनी मला सांगितलं आहे. अनघाताईंना तारखेला यावं लागेल, बाकावर बसावं लागेल, आणि त्या दिवशी काय दिलं, कोणाला दिलं आणि का खाली ठेवलं, हे सगळ्यांसमोर तोंडाने सांगावं लागेल. मला तेवढं ऐकायचं आहे. तेवढ्यासाठी मी जगायला तयार आहे.

यंदा भट्टीवर जाताना वाडीतल्या एकाही घराने पोर बरोबर नेलं नाही. सगळी आमच्याकडे ठेवली. शाळा रोज भरते.